होडीचा वाटा

जमुनाचा माझ्यावर विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. लोकांना वाटतं, मी तिचे एवढे अर्ज लिहिले म्हणजे आमचं मेतकूट असणार. तसलं काही नाही. ती माझ्याकडे कागद घेऊन आली, कारण दिवाळे या तिच्या कोळीवाड्यात माझं कोणी नातेवाईक नाही, तिच्या भावकीतलं मी कोणाला ओळखत नाही आणि माझा मुलगा कुठल्या बँकेत नोकरीला नाही. हे सगळं तिने मला वेगवेगळ्या दिवशी, बोंबील साफ करता करता, सहज विचारल्यासारखं विचारून घेतलं होतं. मला वाटायचं, बाई बोलकी आहे. ती चौकशी चालू होती हे मला फार उशिरा कळलं.

सीवूड्सच्या मासळीबाजारात तिचा ओटा आहे. अंगाने काटक, आवाज सगळ्या बाजाराला पुरेल एवढा, आणि डोळे सतत समोरच्याच्या हातावर. नोट दिली की उजेडाकडे धरणार. मोबाईलवरून पैसे पाठवले की ओट्यावरचा डबा ‘पैसे मिळाले’ म्हणून ओरडतो, पण तिला त्याचं काही पडलेलं नसतं. ‘डब्याला कुनीपन बोलवंल,’ म्हणते आणि फोन काढून खात्री करते, तोवर गिऱ्हाइकाने पिशवीला हात लावायचा नाही. बर्फवाल्यावर संशय, शेजारणीच्या तराजूवर संशय, आणि सगळ्यात जास्त संशय भाव न करणाऱ्या गिऱ्हाइकावर. ‘सांगितलेला भाव गपचूप देतो तो चोर तरी असतो नायतर पोलीस,’ असं तिचं शास्त्र आहे. मी पहिल्या दिवसापासून घासाघीस केली, म्हणून बहुधा तिच्या पसंतीला उतरले असेन.

माझी सगळी नोकरी कोकण भवनात गेली. सरकारी कचेरीत माणूस दुसऱ्याच्या कागदात खोट काढायला शिकतो, आणि ही विद्या निवृत्तीनंतरही अंगातून जात नाही. आमच्या सोसायटीच्या कमिटीला विचारा. त्यामुळे एका दुपारी जमुना प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून माझ्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, ‘बाई, कागद वाचाल का?’ तेव्हा मला खरं तर आनंदच झाला.

आधी तिच्या कर्जाचं सांगते. दिवाळ्याच्या खाडीत तिच्या नवऱ्याची, रोहिदासची, होडी आहे. कोविडच्या आदल्या वर्षी होडीला नवं इंजिन आणि जाळी घ्यायची ठरली. एका खासगी फायनान्स कंपनीचा एजंट घरी आला. त्याला घेऊन आला निकेश, म्हणजे रोहिदासच्या वारलेल्या भावाचा मुलगा. निकेशची आई तो रांगत होता तेव्हाच गेली, आणि तो जमुनाच्या हातचं खाऊन वाढला. मोठा झाल्यावर काकाच्याच होडीवर खलाशी म्हणून जाऊ लागला. बाईमाणसाच्या नावावर व्याज कमी पडतं असं एजंट म्हणाला, म्हणून कर्ज जमुनाच्या नावावर काढलं. हातात पैसे येणार होते ते ठरल्यापेक्षा चाळीसेक हजारांनी कमी. जमुना गप्प बसणार थोडीच. ‘एवढे कापले कशाचे?’ तिने विचारलं. एजंट तोंड उघडायच्या आत निकेश म्हणाला, ‘काकी, सगळीकडं कापतात. कर सही.’

तिने केली. नोट उजेडाला धरणारी बाई, पण त्या दिवशी कागद कोणाला वाचायला दिला नाही. पोराने सांगितलं ना, मग झालं.

पुढच्या वर्षी बाजार बंद पडले, होडी किनाऱ्याला बांधून राहिली आणि हप्ते थकले. वसुलीवाले घरी आले नाहीत, ओट्यावर आले. गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहायचे आणि नंबर आला की मोठ्याने विचारायचे, ‘पैसे कधी देणार?’ त्या दिवसांत जमुनाच्या डोक्यात ते कापलेले चाळीस हजार घोळू लागले. एवढे पैसे कोणी उगाच कापतं का? निकेशला सही करायची घाई का होती? तिने निकेशला काही विचारलं नाही. फक्त त्याच्याशी बोलणं बंद केलं. तो दारात आला की ही आत जायची. त्याचं लग्न आधीच झालं होतं. पुढे मुलगी झाली, तिच्या बारशालाही ही गेली नाही. एकाच गल्लीत राहून.

कर्जाचं प्रकरण शेवटी बेलापूरच्या कोर्टात, लोकअदालतीत मिटलं. कंपनीने दंडाचं व्याज सोडलं, उरलेल्या रकमेचे दोन वर्षांचे हप्ते बांधून दिले, आणि जमुनाने ते एकही तारीख न चुकवता फेडले. ‘आता काही येणं नाही’ असा कंपनीचा दाखला मिळाला. एखादी बाई अशा दिवशी देवाला नारळ देते. जमुना माझ्याकडे आली. तिला संशय होता की कर्ज फिटलेलंच नाही.

मी चष्मा लावून सगळं वाचलं. कर्ज फिटलं होतं. दाखला खरा होता, शिक्का खरा होता, लोकअदालतीच्या निवाड्याची नक्कल बरोबर होती. मी तसं सांगितलं. ती म्हणाली, ‘परत वाचा.’ मला राग आला, पण वाचलं. आणि दुसऱ्या खेपेला कर्जाच्या पहिल्या पानावर एक ओळ दिसली, जी मी पहिल्यांदा सोडून दिली होती.

‘जमुना, तू विमा काढला होतास?’

‘कसला इमा?’

‘हे बघ. कर्ज देतानाच विम्याचा हप्ता कापलाय. चाळीस हजारांवर. तुझी नोकरी गेली तर कर्जाचे हप्ते विमा कंपनी भरणार, असा विमा आहे.’

‘माझी नोकरी?’ ती म्हणाली. ‘मना कामावरून कोन काढनार? पापलेट?’

मी हसले. ती हसली नाही. मी पुढचं पान उलटलं. अर्जात व्यवसायाच्या रकान्यात लिहिलं होतं: खासगी नोकरी, सुपरवायझर. जी बाई पहाटे धक्क्यावर आणि दुपारपर्यंत ओट्यावर असते तिला सुपरवायझर करून, कधीही न जाणाऱ्या नोकरीचा विमा तिच्या गळ्यात मारला होता. वर ते पैसे कर्जातूनच वळते करून घेतले होते, म्हणजे त्यांच्यावरही व्याज तिनेच भरलं. मी संतापले. ‘हे पैसे परत मागता येतात,’ मी म्हटलं. ‘कर्ज मिटलं म्हणून ही फसवणूक मिटत नाही.’

जमुनाचं लक्ष पैशांकडे नव्हतं. ‘हे लिवलं कुनी?’

‘एजंटाने.’

‘निकेश बाजूला उभा होता.’ ती पिशवीची गाठ सोडत आणि बांधत राहिली. ‘बाई, पैसे पायजेत. नको असं मी बोलनार नाय. पन पैशाच्या आधी मना एक कळायला पायजे. निकेशला ठावकं होतं का नाय.’

मी सरळ मनाची बाई. म्हटलं, ‘मग त्यालाच विचार.’

‘चोराला इचारून काय मिळतं?’ म्हणाली आणि उठली.

जाताना तिने बाजारात उरलेली कोलंबी माझ्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवली. मी नको म्हटलं. तर माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी मुकाट ठेवून घेतली. फुकट काम करणाऱ्या बाईचा तिला संशय आला असता, हे मला तेव्हा उमगलं. त्यानंतर दर कागदामागे ती काही ना काही आणत गेली, आणि मी घेत गेले. हिशेब चोख राहिला.

मी अर्ज लिहिला. एकदा विमा कंपनीला, एकदा फायनान्स कंपनीला. दोघी सख्ख्या बहिणी, पत्ता एकाच इमारतीतला. उत्तर आलं ते असं: सही तुमचीच आहे, शिवाय लोकअदालतीत सर्व वाद संपुष्टात आला आहे, शिवाय आम्ही तेव्हा दंडव्याज सोडलं होतं, तेव्हा काही परत देणं निघालंच तर ते त्यात वळतं करून घेऊ. म्हणजे चोरलेला तांब्या परत देताना, पूर्वी तुम्हाला पाणी पाजलं होतं म्हणून तो ठेवून घेतो म्हणायचं. मी पुन्हा लिहिलं, आणि या खेपेला आमच्या साहेबांना ज्या भाषेत लिहायची ती भाषा वापरली.

या काळात जमुना अधूनमधून निकेशविरुद्धचे पुरावे मला ऐकवायची. त्यातला एक पुरावा मला बिनतोड वाटला होता.

दिवाळ्यात होडी किनाऱ्याला लागली की मासळीचे वाटे पडतात. खलाशांचे वाटे वेगळे, जाळ्यांचा वेगळा आणि होडीचा स्वतःचा एक वाटा. होडीचं तेल, डागडुजी, तिच्यावरचं कर्ज, सगळं त्या वाट्यातून निघतं. वाटे पाडतो तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य. इथे तो रोहिदास. त्याने पाडलेल्या वाट्यावर बायको चकार शब्द काढत नाही. वाटे पडेपर्यंत बायका वर कट्ट्यावर थांबतात, खाली उतरत नाहीत. मासळी पाटीत आली की मग विक्री बायकांची, आणि तिथे नवऱ्याने नाक खुपसायचं नाही. जमुनाच्या घरात हा कायदा लग्नापासून पाळला गेला, आणि तिच्या मते त्यांचा संसार त्यामुळेच टिकला.

‘कोर्टातून हप्ते बांधून मिळाले ना, तवापासून होडीचा वाटा फुगला,’ तिने मला सांगितलं. ‘दर खेपेला एक पाटी जास्ती. आनि निकेश हात हालवत घरला जायचा. मी कट्ट्यावरनं बघायची ना.’

‘म्हणजे?’

‘म्हंजे काय? आमच्या मानसानं त्याचा वाटा कापला. दंड घातला. तांडेल उगाच कुनाचा वाटा मोडत नाय, बाई. घरात बोलले नाय, पन निवाडा केला. त्या पोरानं खाल्लं असल म्हनूनच केला.’

‘रोहिदासना विचारलंस?’

‘वाट्यावर मी कशी इचारनार?’

मला पटलं. मी अजून नोकरीत असते तर फाईलवर ‘आरोप सिद्ध’ असा शेरा मारून मोकळी झाले असते. आणि सांगते, मला त्या निकेशचा मनापासून राग आला. ज्या बाईने भरवलं तिलाच फसवणारा माणूस मला डोळ्यांसमोर दिसू लागला होता. मी त्याला तोवर पाहिलंही नव्हतं.

मग विमा कंपनीचा जमुनाला फोन आला. मी नेमकी ओट्यापाशी सुरमई निवडत होते. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या विम्याच्या तक्रारीबद्दल बोलायचं होतं. तुमचा खाते क्रमांक जुळवून घेऊ का?’ बस्स. जमुनाने तिला उभं-आडवं घेतलं. ‘पैसे देतो बोलनारे रोज तिघं फोन करतात. तुजं नाव काय? गीतांजली? तुज्या साहेबाचं नाव काय? त्याच्या साहेबाचं? बरं, येवढी खरी हायस तं समोर ये, तोंड दाखव.’ फोन बंद. मी म्हटलं, ‘अगं, तो खरा फोन होता.’ ती म्हणाली, ‘खरी असल तं येईल.’

आणि ती आली. पुढच्याच आठवड्यात, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून, पायातल्या चपला ओल्या फरशीवर सांभाळत, बिचारी गीतांजली ओट्यासमोर उभी राहिली. पोर वाईट नव्हती. तिच्याकडे एक कागद होता. कंपनी निम्मे पैसे ‘सद्भावना म्हणून’ द्यायला तयार आहे, फक्त इथे सही करायची की आमची काही तक्रार उरली नाही.

जमुनाने हात पदराला पुसले. कागदाला हात लावला नाही. ‘निम्मे का देतंस?’

‘सद्भावना, मावशी. कंपनीची चूक नाहीये, पण—’

‘चूक नाय तं पैसा कशाला देतंस? आनि चूक हाय तं निम्माच का?’ मग सुरी उचलून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. ‘निम्मे देते म्हंजे पुरे देनं लागतात. जा.’

गीतांजलीने माझ्याकडे पाहिलं. मी सुरमईकडे पाहिलं. मला तिची दया आली, पण जमुनाच्या बोलण्यात मला एकही खोट सापडेना.

आम्ही विमा लोकपालांकडे गेलो. म्हणजे मी टपालाने कागद पाठवले आणि सुनावणीची तारीख व्हिडिओ कॉलवर मिळाली. जमुनाचा फोन असल्या कामाचा नव्हता, म्हणून सुनावणी माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर. जमुनाबरोबर रोहिदासही आला. मी त्याला पहिल्यांदाच जवळून पाहिलं. उन्हाने रापलेला, अबोल माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता, जणू कोणीतरी येऊन उठ म्हणेल. चहा दिला तो त्याने एका दमात संपवला आणि कप स्वतःच नेऊन मोरीत ठेवला.

पडद्यावर एका चौकटीत सुनावणी घेणारे अधिकारी, दुसरीत गीतांजली आणि तिचा वकील. मी आमची बाजू मांडली. कोळीण आहे, मासळी विकते, नोकरीचा विमा तिला कसा विकला, आणि लोकअदालतीच्या निवाड्यात विम्याचा एक शब्दही नाही. अधिकाऱ्यांनी मान हलवली. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात कंपनीचा वकील म्हणाला, ‘एक प्रश्न आहे. मासेमारीचं उत्पन्न कमीजास्त असतं. पण यांनी लोकअदालतीनंतर दोन वर्षं दर महिन्याला ठरल्या तारखेला हप्ता भरलाय. जून-जुलैत सरकारी मासेमारी बंदी असते, होडी पाण्यात जात नाही. त्या महिन्यांतलेही हप्ते वेळेवर आहेत. असा ठरावीक पैसा पगारातूनच येऊ शकतो. म्हणजे घरात नोकरी होती. अर्जात लिहिलं ते मग अगदीच खोटं कसं?’

वकिलाला चिडायचं तर चिडा, पण संशय घ्यावा तर असा. मलाही हा प्रश्न सुचला नव्हता. मी जमुनाकडे पाहिलं.

‘होडीच्या वाट्यातनं भरले,’ जमुना म्हणाली.

‘बंदीत होडीला वाटा कुठून येतो?’ वकिलाने विचारलं.

जमुना नवऱ्याकडे वळली. मला आठवतं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर तोच भाव आला जो नोट उजेडाकडे धरताना येतो. ‘तुमी साठवून ठेवलेले ना?’ तिने हळू विचारलं.

रोहिदासने शर्टाची कॉलर सारखी केली. अधिकारी म्हणाले, ‘आपण सांगा, काका. पैसे कोणाचे होते?’

‘निकेशचे,’ रोहिदास म्हणाला.

‘निकेश कोण?’

‘माजा पुतन्या. होडीवर खलाशी हाय. बंदीत उलव्याला इमारतींच्या कामावर जायचा. हप्त्यापुरते आनून माज्या हातात द्यायचा.’ तो थांबला. मग एकदा बोलायला लागलाच आहे तर संपवून टाकू अशा घाईने म्हणाला, ‘मोसमातपन सोताचा वाटा होडीत टाकायचा. सगळा. दोन वरसं. त्याच्या घरचा खर्च त्याच्या बायकोनं बेलापूरला डबे करून चालवला.’

‘त्याचा वाटा तुम्ही कापत होता?’ अधिकाऱ्यांनी विचारलं.

‘कापला नाय, साहेब. त्यानं टाकला. एजंट त्यानं आनला होता ना. होडीवर कर्ज त्याच्यामुळं बसलं, असं त्याच्या मनानं घेतलं.’

‘म्हणजे विम्याचं त्याला माहीत होतं?’

जमुनाने टेबलाची कड धरली होती.

‘नाय. एजंटानं त्याला दोन हजार दिलेले, गिऱ्हाईक आनलं म्हनून. ते त्यानं त्याच सांजेला माज्यासमोर ठेवले. मी बोललो, जाळ्याच्या दोरीला घाल. घातले. इम्याचं आमाला कुनालाच ठावकं नव्हतं. काकीला सांगायचं नाय अशी त्यानं मना शपत घातली होती. बोलला, तिला कळलं तं ती पैसा घ्यायची नाय.’

जमुना विसरली की समोर सरकार बसलं आहे. ‘आनि तुमी सांगितलं नाय,’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘चार वरसं मी त्या पोराचं तोंड बघितलं नाय. तुमी बघत होता.’

‘वाट्यावर तू कधी इचारलंस?’ रोहिदास म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

अधिकाऱ्यांनी खाकरून, हे आपण नंतर बोला, असं सुचवलं. गीतांजलीने पडद्यावर मान खाली घातली होती. वकिलाने फाईल मिटली. त्याने मारायला उचललेला दगड त्याच्याच पायावर पडला होता, पण मला जिंकल्याचा आनंद काही झाला नाही. ज्या माणसाला मी न बघता दोषी ठरवलं होतं तो सिमेंटच्या गोण्या उचलून हप्ते भरत होता.

महिनाभराने निकाल आला. विम्याचे सगळे पैसे व्याजासह जमुनाच्या खात्यात जमा करायचे, दंडव्याजात वळते करायचे नाहीत. पैसे आले त्या दिवशी जमुनाने बँकेत जाऊन पासबुक छापून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली, रातोरात परत तर नेले नाहीत ना हे बघायला. तिसऱ्या दिवशी सगळे रोख काढले, ओढणीच्या तुकड्यात बांधले आणि माझ्याकडे आली.

‘चला,’ म्हणाली.

‘कुठे?’

‘धक्क्यावर. साक्षीला कुनी पायजे.’

‘कसली साक्ष?’

‘मी जे करनार ते मीच केलं याची,’ ती म्हणाली. ‘उद्या मनाच खरं वाटनार नाय.’

आम्ही दिवाळ्याला पोचलो तेव्हा रोहिदासची होडी नुकतीच लागली होती. वर कट्ट्यावर बायका पाट्या घेऊन थांबल्या होत्या. खाली चिखलात ताडपत्रीवर मासळीचे ढीग पडत होते. रोहिदास ओंजळीने उचलून टाकत होता. त्याच्यापलीकडे पस्तिशीच्या आतबाहेरचा एक माणूस, बनियन आणि गुडघ्यापर्यंत चढवलेली पँट, जाळं झटकत उभा होता. कोणी ओळख करून द्यायची गरज नव्हती. जमुनाला बघून तो पाठमोरा झाला. चार वर्षांची सवय.

जमुना कट्ट्यावर थांबली नाही. ती खाली उतरली. बायकांची कुजबूज बंद झाली. मी चपला हातात घेऊन तिच्यामागे गेले, कारण साक्षीदाराने लांब उभं राहून चालत नाही.

तिने ती पुरचुंडी ताडपत्रीवर, मासळीच्या ढिगांच्या रांगेत ठेवली. ‘हा होडीचा पैसा हाय,’ नवऱ्याला म्हणाली. ‘तांडेल तुमी. याचे वाटे पाडा. ज्यानं जेवढं टाकलं त्याला तेवढं.’

निकेश वळून म्हणाला, ‘मना नको.’

‘तुला कुनी इचारलं?’ जमुना म्हणाली. चार वर्षांत त्याच्याशी बोललेलं पहिलं वाक्य, आणि तेही भांडणाचं.

‘तेच तं,’ निकेश म्हणाला. तो जाळं हातातच धरून होता. ‘काकी, तू कोर्टात इचारलंस. कंपनीला इचारलंस. ह्या बाईंना इचारलंस. मना एकदा इचारलं असतंस तं काय झालं असतं? मी खाल्ले का नाय, मी सांगितलं असतं.’

जमुनाने वाकून पुरचुंडीची गाठ आवळली. मला वाटलं, आता काहीतरी तोडून बोलणार आणि सगळं पुन्हा बिघडणार.

‘भीती वाटली,’ ती म्हणाली.

‘कसली?’

‘तू हो बोलला असतास तं?’

निकेशने जाळं खाली ठेवलं. रोहिदास दुसरीकडे बघू लागला. मलाही कुठे बघावं कळेना. बाजारभर संशय घेत हिंडणारी ही बाई एका माणसाला विचारायला घाबरत होती, कारण त्या एकाच्या उत्तरावर तिने विश्वास ठेवला असता.

कट्ट्यावरून निकेशची बायको अमिता उतरून आली होती. तिच्या बोटाला धरून तीन-चार वर्षांची मुलगी. रुतिका. जमुनाने तिला गल्लीत येता-जाता पाहिलं असणारच, पण समोरासमोर कधी नाही. पोरगी आईचं बोट सोडून बापाच्या पायामागे गेली आणि तिथून डोकावून जमुनाकडे बघत राहिली.

‘पप्पा, ही कोन?’

निकेशने तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो काकीकडे बघत होता.

जमुना चिखलात खाली बसली, लुगड्याची पर्वा न करता. ‘मी तुज्या बापाची काकी,’ ती म्हणाली. ‘त्याला मीच भरवून मोठा केलाय. तुज्या बारशाला मना यायचं होतं. आले नाय. चुकलं माजं.’

रुतिकाने तिला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं. मग बापाची पँट ओढली.

‘खरं बोलते ही?’

‘हां,’ निकेश म्हणाला. ‘काकी खोटं नाय बोलत.’